सेकंडहँड गाडीचा क्लच किती उरलाय? पट्टीने, कानाने आणि चढावर तपासायची रीत

गाडी बघायला निघण्याआधी मालकाला फोनवर एवढेच सांगून ठेवा: "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." स्वतःच्या खिशात शाळेतली तीस सेंटिमीटरची पट्टी आणि उजेडाला मोबाइलची बॅटरी (टॉर्च) ठेवा, आणि सोबत तीन माणसे घ्या, जमली तर अंगाने भरलेली. क्लचच्या काही खुणा गाडी थंड असतानाच कळतात, काही तापल्यावर. एकट्याने सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणली तर संपत आलेला क्लचही शहाण्यासारखा वागतो. म्हणूनच विकणारा बहुधा सपाट रस्ताच दाखवतो.

आपल्या बेळगाव भागात क्लच लवकर का जातो, हे आधी लक्षात घ्यावे. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट, हायवेला वंटमुरी आणि तवंदी, ऊस सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरपटणे, आणि शनिवारी बाजाराच्या गर्दीत गणपत गल्ली, खडेबाजार. या सगळ्यात माणूस हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून असतो, आणि प्लेट झिजते ती हाफ क्लचवरच. पाय पूर्ण सुटलेला असताना प्लेट आणि फ्लायव्हील एकजीव फिरतात, घासायला काही उरत नाही. त्यामुळे बेळगाव-पुणे हायवेला एक लाख किलोमीटर पळालेल्या गाडीचा क्लच ठणठणीत असू शकतो, आणि टिळकवाडी ते कॅम्प एवढीच शाळेची ने-आण केलेल्या गाडीचा चाळीस हजारांत संपलेला असू शकतो. मीटरवरचा आकडा बघून क्लचचा अंदाज बांधू नका.

गोव्याच्या गाड्याही इथे बऱ्याच विकायला येतात. त्यांत पर्यटकांना भाड्याने दिलेली एखादी असली तर तिच्या क्लचवर शेकडो अनोळखी पाय पडून गेलेले असतात. आरसी बुकात आधीची नोंद बघा. निपाणी-चिकोडी बाजूला वडापला, म्हणजे माणशी भाडे घेऊन, चालवलेल्या गाड्यांचेही तेच.

पेडल दाबल्यावर आत काय होते

हे दोन मिनिटे समजून घेतले तर पुढच्या तपासण्या पाठ कराव्या लागत नाहीत. इंजिनला फ्लायव्हील बसवलेले असते. त्यावर प्रेशर प्लेट बोल्टने आवळलेली असते, आणि दोघांच्या मध्ये क्लचप्लेट दाबून धरलेली असते. दाब देणारी स्प्रिंग ताटलीसारखी असते. मध्यभागी तिला बोटांसारख्या पट्ट्या असतात. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग ती बोटे आत ढकलते, प्रेशर प्लेट मागे सरते आणि क्लचप्लेट मोकळी होते.

प्लेट झिजून पातळ झाली की स्प्रिंगची बोटे बाहेर, बेअरिंगच्या दिशेने झुकतात. केबलच्या गाडीत, म्हणजे पेडल तारेने क्लच ओढते अशा गाडीत, त्यामुळे पेडलची मोकळी चाल (विरोध लागण्याआधी पेडल हलके जाते तेवढे अंतर) कमी कमी होत जाते. ती शून्य झाली की पाय काढलेला असतानाही बेअरिंग बोटांवर रेलून राहते, स्प्रिंगचा दाब पूर्ण बसत नाही, प्लेट घसरते, घसरून तापते, तापून आणखी झिजते. इथून पुढे क्लच काही आठवड्यांचा सोबती. गोकाक-चिकोडीकडच्या गॅरेजात मेस्त्री कानडीत "स्लिप आगाकत्तैति" (स्लिप होतोय) म्हणाला तर तो याच अवस्थेबद्दल बोलतोय.

स्प्रिंगचा कोन बदलल्यामुळे झिजलेल्या क्लचचे पेडल पायाला जडही लागते. पण नुसत्या जड पेडलवरून निकाल देऊ नका. गंजलेल्या केबलनेही पेडल जड होते, आणि खानापूरच्या पावसात केबल गंजायला फार वर्षे लागत नाहीत.

इंजिन बंद असताना: पेडल आणि पट्टी

आधी पेडलचे रबर बघा. मीटरवर पस्तीस हजार आणि रबराची नक्षी पुसून गुळगुळीत, तर एकतर मीटर मागे फिरवलाय किंवा चालवणारा पाय पेडलवर ठेवूनच गाडी हाकायचा. दोन्ही आपल्याला नको. रबर कोरे करकरीत आणि शेजारच्या ब्रेकचे जुने, तर क्लचचे तेवढे का बदलले हे विचारा.

मग पट्टी घ्या. तिचे एक टोक पेडलशेजारी जमिनीवर टेकवा. मॅट आधी बाजूला सारा, नाहीतर माप चुकते. पेडल न दाबता त्याची उंची वाचा. मग पायाने नको, हाताच्या दोन बोटांनी पेडल हळूहळू ढकला. सुरुवातीला ते अगदी हलके जाते, मग एका जागी विरोध जाणवतो. तिथे पुन्हा माप घ्या. दोन्ही मापांतला फरक म्हणजे मोकळी चाल. केबलच्या लहान गाड्यांत ती साधारण १० ते ३० मिलिमीटर असते, हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबाने चालणाऱ्या क्लचमध्ये, ५ ते १५. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पायाने हे माप नीट कळत नाही, बुटाने तर नाहीच.

केबलच्या गाडीत मोकळी चाल शून्य निघाली तर प्लेट संपत आली आहे किंवा केबल चुकीची सेट केलेली आहे. चाल तीस-चाळीसच्या वर असेल तर केबल ढिली आहे, आणि अशा गाडीत क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर कुरकुरतो.

बॉनेट उघडा: नट काय सांगतो

केबल की हायड्रॉलिक हे इथेच कळते. गिअरबॉक्सवरच्या दांड्याला काळ्या आवरणातली तार येऊन नटाने अडकवलेली असेल तर केबल. आल्टो, जुनी वॅगन आर या केबलच्या गाड्या. दांड्याऐवजी किंवा दांड्याला लागून छोटा सिलिंडर आणि त्याला पाइप असेल तर हायड्रॉलिक.

केबलच्या टोकाला आटे असतात आणि त्यावर ॲडजस्टिंगचा नट. बॅटरीच्या उजेडात हा नट नीट निरखा, इथे बरेच कळते. प्लेट झिजेल तशी केबल ताणली जाते, आणि मोकळी चाल परत आणायला मेस्त्री नट बाहेरच्या टोकाकडे ढिला करत नेतो. नट आट्यांच्या शेवटाला येऊन ठेपला असेल तर पुढे ॲडजस्ट करायला जागाच नाही. प्लेट शेवटच्या टप्प्यात आहे. नट भरपूर आत असेल तर केबल ताणून लांबली असण्याची शक्यता.

आता आट्यांचा रंग. सगळीकडे धूळ आणि तेलकट काळपटपणा, पण नटाला लागून तीन-चार आटे चकचकीत उघडे, म्हणजे नट नुकताच हलवलाय. नटाच्या कोपऱ्यांवर पान्याचे ताजे ओरखडे असतील तर गाडी विकायला काढण्याआधी क्लच 'सेट' करून आणलाय हे नक्की. त्यात गुन्हा काही नाही, पण मग पेडलच्या मापावर विश्वास ठेवायचा नाही. चढावरच्या चाचणीवरच भिस्त.

हायड्रॉलिकमध्ये ही चलाखी चालत नाही, पण पेडलही काही सांगत नाही. तिथे प्लेट झिजली की सिलिंडरचा पिस्टन आपोआप मागे सरतो आणि पेडलची चाल जवळपास तशीच राहते. "क्लच वर आलाय म्हणजे प्लेट गेली" हे केबलच्या जमान्यातले वाक्य हायड्रॉलिक गाडीला आंधळेपणाने लावू नये. इथे बघायचे ते तेल. तेलाचा प्रकार टाकीवर लिहिलेला असतो, डॉट ३ किंवा डॉट ४. पातळी कमी म्हणजे कुठेतरी गळती. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते. ब्रेक पॅड झिजले तर त्यातली पातळी खाली जाते, क्लचप्लेट झिजली तर उलट किंचित वर येते, त्यामुळे एकत्र टाकीवरून क्लचचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. गळती शोधायला दोन जागा: पेडलच्या वर, आत डॅशबोर्डखाली मास्टर सिलिंडरचा दांडा ओला आहे का, आणि खाली गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडरचे रबर ओले आहे का.

शेवटी गाडीखाली वाका. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या सांध्याच्या तळाशी तेलाचा थेंब लोंबत असेल तर सावध. क्रँकशाफ्टचे मागचे सील किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचे सील गेलेले असते, आणि ते तेल प्लेटवर उडते. तेल प्यालेली प्लेट जाडीने नवीन असली तरी घसरते आणि धुवून सुधारत नाही.

स्टार्ट करा, गाडी जागेवरच

न्यूट्रल, पाय क्लचवरून काढलेला, इंजिन आयडलवर. खिडक्या बंद, एसी आणि टेप बंद. ऐका. आता पेडल सावकाश दाबा आणि पुन्हा ऐका.

दाबल्यावर घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज सुरू होतो आणि सोडल्यावर थांबतो: रिलीज बेअरिंग. उलट, पाय काढलेला असताना घरघर आहे आणि दाबल्यावर थांबते: गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग. पहिले क्लचच्या कामातच बदलले जाते. दुसऱ्यासाठी गिअरबॉक्स खोलावा लागतो आणि खर्चाचा हिशेबच वेगळा होतो. "क्लचचा आवाज आहे, किरकोळ" असे सांगून पुष्कळदा दुसरा प्रकार गळ्यात मारला जातो, म्हणून ही तपासणी दोन-तीनदा करा.

काही डिझेल गाड्यांत दोन तुकड्यांचे, आत स्प्रिंगा असलेले ड्युअल मास फ्लायव्हील असते. ते सैल झाले की आयडलला आणि विशेषतः इंजिन बंद करताना खडखड वाजते. गाडी पाच-सहा वेळा चालू-बंद करून ऐका. हा आवाज आला तर बाकी तपासणी नंतर, आधी त्या मॉडेलच्या फ्लायव्हीलची किंमत काढा.

आता रिव्हर्स. क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाच अंक मोजा, मग रिव्हर्स टाका. बऱ्याच लहान गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारा भाग) नसतो, त्यामुळे आतला शाफ्ट फिरत राहिला असेल तर लगेच 'खर्र' होते. पाच सेकंद थांबूनही खर्र आले तर क्लच पूर्ण सुटत नाही. हा स्लिपच्या नेमका उलटा दोष, आणि कारणेही वेगळी: केबल ढिली, हायड्रॉलिकमध्ये हवा, वाकलेली प्लेट, किंवा प्लेट ज्यावर सरकते त्या शाफ्टच्या खाचांवर (स्प्लाइनवर) गंज. पेडल भराभर तीन-चारदा पंप केल्यावर गिअर अलगद पडला तर दोष तेलाच्या लाइनमध्ये आहे, प्लेटमध्ये नाही. आणि इंजिन बंद करूनही गिअर तितकाच अडकत असेल तर क्लचला दोष देऊ नका. गिअरच्या केबल-लिव्हरचे किंवा गिअरबॉक्सचे दुखणे आहे.

हायड्रॉलिकसाठी एक छोटी चाचणी आणखी. सपाट जागी पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण दाबून ठेवा, हँडब्रेक सोडा, ब्रेकवर पाय तयार ठेवा. मिनिटभर तसेच राहा. गाडी हळूच पुढे सरकू लागली तर मास्टर सिलिंडरची रबरे आतून दाब सोडताहेत.

पावसाळाभर अंगणात उभी राहिलेली गाडी असेल तर प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटलेलीही सापडते. क्लच दाबूनही गिअर पडतच नाही. खानापूर, चंदगड बाजूला हे नवीन नाही. बऱ्याचदा गाडी चालवल्यावर ती सुटते, पण तोवर प्लेटच्या पृष्ठभागाचे काय झाले हे पुढच्या चाचणीतच कळेल.

उचलताना थरथर

पहिला गिअर, ॲक्सिलरेटर न देता क्लच हळूहळू सोडा. गाडी गुळगुळीत उचलायला हवी. उचलताना सगळे अंग थरथरले, आणि वीस-एक फुटांनंतर थांबले, तर प्लेटवर तेल, फ्लायव्हीलवर जळके डाग किंवा प्रेशर प्लेटची असमान झीज, यांपैकी काहीतरी. पण आधी इंजिनचे माउंटिंग बघा. बॉनेट उघडे ठेवून जोडीदाराला पाहायला सांगा, तुम्ही हँडब्रेक ओढून पहिल्यात क्लच किंचित पकडवा, मग रिव्हर्समध्ये. इंजिन दोन बोटांपेक्षा जास्त उसळत असेल तर माउंटिंगचे रबर फाटले आहे आणि थरथर तिथूनही येते. माउंटिंग बदलणे हजार-दोन हजारांचे काम. क्लच उतरवायला लावून शेवटी माउंटिंगच निघाले, असे गॅरेजात वारंवार घडते.

खरी परीक्षा: तापलेली गाडी, भरलेली गाडी, वरचा गिअर

आता चौघांनी बसायचे, एसी लावायचा आणि किमान वीस मिनिटे चालवायचे. बेळगावात राहणाऱ्यांनी घाटापर्यंत जायलाच हवे असे नाही. कपिलेश्वर किंवा तिसऱ्या गेटचा ओव्हरब्रिज रहदारी नसताना, म्हणजे सकाळी लवकर, पुरतो. निपाणीवाल्यांना तवंदी घाट आहेच.

स्लिप पहिल्यांदा कुठे दिसते? जिथे इंजिनची ओढ सर्वांत जास्त. पहिल्या गिअरवर जोरात उचलून "बघा, कशी पळते" असे दाखवणाऱ्याला काहीच सिद्ध करता येत नाही, कारण खालच्या गिअरवर चाके लगेच पळू लागतात आणि क्लचवर ताण फार वेळ राहत नाही. वरच्या गिअरवर, कमी वेगाला, चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की ताण राहतो. लहान पेट्रोल गाड्यांची कमाल ओढ साडेतीन हजार आरपीएमच्या आसपास असते, तर टर्बो डिझेलची दोन हजारांतच; १.३ लिटरच्या जुन्या डिझेल स्विफ्टला २,००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर, तर ८०० सीसी आल्टोला ३,५०० ला ६९. म्हणून डिझेलमध्ये स्लिप १,८०० ते २,२०० दरम्यान टर्बोचा जोर लागताक्षणी दिसते, पेट्रोलमध्ये थोडी वर.

करायचे असे. मागे कुणी नाही हे आरशात बघा. चौथा गिअर, चाळीसचा वेग, चढाची सुरुवात. ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा आणि आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवा. वेगाकडे शेजारी बसलेल्याने बघायचे. क्लच चांगला असेल तर दोन्ही काटे दोरीने बांधल्यासारखे एकत्र चढतात. झिजलेला असेल तर आरपीएमचा काटा मध्येच ३००-४०० ने उडी मारतो, आवाज वाढतो आणि वेग तिथेच. कधी कधी उडी घेऊन काटा परत खाली येतो. ती सुरुवातीची स्लिप, आणि तीच बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

शंका असेल तर गणित करा. गिअर एकच असेल तर आरपीएम आणि वेग यांचे प्रमाण बदलूच शकत नाही. समजा चौथ्यात चाळीसला, हलक्या पायाने, १,६०० दिसतात. मग साठला २,४०० आणि ऐंशीला ३,२०० च दिसायला हवेत. पूर्ण जोर लावून साठ गाठताना काटा २,७०० वर असेल तर मधले ३०० प्लेट घासण्यात गेले. पन्नास-शंभराचा फरक काट्याच्या चुकीत धरा.

गाडीला आरपीएम मीटर नसेल तर? २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगखाली ओबीडी सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायची जागा) असते. ब्लूटूथचा ओबीडी ॲडॅप्टर लावून मोबाइलवर आरपीएम आणि वेग दोन्ही एकत्र दिसतात. त्याहून जुनी गाडी असेल तर कानावर काम भागवा. ट्रॅक्टर ओळखणाऱ्या कानाला इंजिनचा सूर आणि गाडीची चाल फारकत घेतात तेव्हा लगेच कळते.

ओल्या रस्त्यावर, लाल चिखलात ही चाचणी करू नका. पुढची चाके घसरली तरी काटा तसाच उडतो.

तीन-चारदा हे केल्यावर गाडी थांबवून बॉनेटजवळ वास घ्या. क्लचच्या जळक्या वासाची ब्रेकच्या वासाशी गल्लत होते. ब्रेकचा वास चाकांजवळ असतो, क्लचचा इंजिनखालून येतो.

आणि मग चढावरून गाडी उचलून बघा. ब्रिजच्या चढावर, कडेला घेऊन, हँडब्रेक, पहिला गिअर. ॲक्सिलरेटर थोडा देऊन क्लच सोडत न्या. पकड आली की गाडीचे नाक किंचित हलते आणि इंजिनचा सूर दबतो. हा क्षण पेडलच्या कुठल्या उंचीला येतो ते लक्षात ठेवा. केबलच्या गाडीत पकड पेडलच्या वरच्या पाव भागात येत असेल तर नटाबद्दल वर लिहिलेले आठवा.

हँडब्रेकची चाचणी, तिच्या मर्यादेसह

ही सगळ्यांना माहीत असते आणि तिच्यावरच सगळे विसंबतात. हँडब्रेक पूर्ण ओढा, उजवा पाय ब्रेकवर, समोर भिंत किंवा माणूस नको. तिसरा गिअर टाका आणि क्लच एका सेकंदात सोडा. इंजिन फटकन बंद पडले तर ठीक. दोन-तीन सेकंद धापा टाकत बंद पडले तर प्लेट अशक्त. चालूच राहिले तर क्लच संपलाय, आणि ताबडतोब पेडल दाबा, नाहीतर उरलेसुरलेही तिथेच जाळाल.

ही चाचणी गाडी नापास करायला चांगली, पास करायला नाही. आयडलला इंजिनला जोरच नसतो, त्यामुळे अर्धा झिजलेला क्लच इथे आरामात पास होतो. एकदाच करा, आणि मालकाला विचारून करा.

एएमटी, म्हणजे क्लचचे पेडल नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीला ही लागू नाही. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेल्या त्या प्रकारात क्लच नेहमीचाच असतो, फक्त दाबायला माणसाच्या पायाऐवजी ॲक्च्युएटर हे यंत्र. तिथे चढावरची काट्याची परीक्षा करा आणि स्कॅनरवर क्लचच्या नोंदी बघणाऱ्याकडे एकदा गाडी लावा.

स्लिप सापडली, पण प्लेटच गेली का?

केबलच्या गाडीत मोकळी चाल शून्य होती आणि चढावर स्लिप मिळाली, तर आधी नट ढिला करून पंधरा-वीस मिलिमीटर चाल द्या आणि त्याच चढावर पुन्हा बघा. स्लिप गेली तर प्लेटमध्ये अजून जीव आहे, किती ते सांगणे अवघड. राहिली तर प्रश्न मिटला. चाल आधीपासून योग्य आणि तरी स्लिप, आणि सांध्याच्या तळाशी तेलाचा थेंब, तर प्लेट तेल प्यालेली; नवीन सेटबरोबर सीलही बदलावे लागणार, नाहीतर सहा महिन्यांत नवीही तशीच होईल.

झिजलेला क्लच हे गाडी नाकारायचे कारण नाही. ब्रेक पॅडसारखीच ती झिजायलाच बनवलेली वस्तू. किंमत कमी करायचे कारण मात्र आहे, आणि आकडा हातात असला की घासाघीस सोपी जाते. लहान पेट्रोल गाडीला प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून साधारण सहा ते दहा हजार. डिझेलला त्याहून जास्त. ड्युअल मास फ्लायव्हील बदलायची वेळ आली तर त्या एका वस्तूलाच तीस हजारांच्या वर जाऊ शकतात, आणि तिथे गाडी सोडून देण्याचा विचार जरूर करा. एमएच किंवा गोवा पासिंगची गाडी असेल तर एनओसी आणि कर्नाटकचा टॅक्स वेगळा लागतोच. क्लचचा भाव त्या कागदपत्रांच्या बोलण्याआधी ठरवून घ्या, नंतर तो कुठेतरी मुरतो.

"क्लच नवाच टाकलाय" असे सांगितले तर बिल मागा आणि त्यावर तीन ओळी आहेत का बघा: प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. नुसती प्लेट टाकून भागवण्याची पद्धत जुनी आहे. थकलेल्या स्प्रिंगखाली नवी प्लेट बसवली तर ती लवकर घसरते, आणि जुने बेअरिंग वाजू लागले तर तेवढ्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा, म्हणजे मजुरी डबल.

गिअरबॉक्स उतरला तर स्वतः बघायचे

व्यवहार ठरून गाडी तुमच्या मेस्त्रीकडे, उद्यमबागला किंवा गावात, आली आणि क्लच खोलला, तर त्या वेळी तिथे उभे राहा. प्लेट हातात घ्या. अस्तराच्या दोन्ही बाजूंना पितळी रिव्हेट खोलगट बसलेले असतात. पृष्ठभागापासून रिव्हेटच्या डोक्यापर्यंतची खोली व्हर्निअर कॅलिपरच्या शेपटीने मोजा. कंपनीची मर्यादा मॉडेलप्रमाणे ०.२ ते ०.५ मिलिमीटर असते; नव्या प्लेटला ती एक मिलिमीटरच्या वर असते. रिव्हेट पृष्ठभागाला आलेले आणि फ्लायव्हीलवर गोल चर पडलेले, तर फ्लायव्हील लेथवर फेसिंग करून घ्यावे लागेल. चर नसून निळे-जांभळे डाग असतील तर ते तापण्याचे. हलके असतील तर पॉलिश पेपरने भागते, बारीक तडे दिसले तर नाही.

प्लेटच्या मध्यातल्या स्प्रिंगा बोटाने हलवून बघा, सैल वाजायला नकोत. प्रेशर प्लेटची बोटे एका पातळीत हवीत आणि बेअरिंग टेकते तिथे खोल खाच नको. रिलीज बेअरिंग कानाजवळ धरून फिरवा. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या स्प्लाइनवर नवी प्लेट बोटाने सरकवून बघा, अडकत असेल तर गंज आधी काढा. तिथे ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढेच. जास्त लावलेले ग्रीस फिरताना उडून नव्या प्लेटवरच जाते.

बसवताना प्लेट मध्यावर आणायला डमी शाफ्ट वापरतात. काही ठिकाणी नजरेने बसवतात, आणि मग गिअरबॉक्स बसेना म्हणून बोल्टने ओढून बसवतात. त्यात प्लेटचा मधला भाग वाकतो आणि नवीन क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकामागून एक पूर्ण न आवळता समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायला सांगा.

जुनी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मागून घ्या आणि डिकीत टाका. पहिले पाचशे किलोमीटर चोर्ल्याला जाऊ नका, उसाच्या ट्रॉलीमागे लागलात तर थांबून तिला पुढे जाऊ द्या. केबलची गाडी असेल तर हजार किलोमीटरनंतर पट्टी काढून मोकळी चाल पुन्हा मोजा. नवी प्लेट बसताना ती थोडी बदलते, आणि नट अर्धा आटा फिरवला की काम होते.